पहिला पसंतीक्रम कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या जिल्हा पुरवणीत तंत्रनिकेतनांच्या पानभर जाहिराती येतात. ‘१०० टक्के नोकरीची हमी’, ‘बस मोफत, वसतिगृह मोफत’, ‘मोजक्याच जागा शिल्लक’. या जाहिरातींच्या मागे गावोगाव काय चालतं, ते घरातलं पहिलंच पोर शिकायला बाहेर धाडणाऱ्या आईबापांना कळावं म्हणून हे पत्र. मी ऐकीव सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या एका खासगी विनाअनुदानित तंत्रनिकेतनात मी अकरा वर्षं अधिव्याख्याता आहे, स्थापत्य शाखेला सर्वेक्षण शिकवतो. खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी मी स्वतः केलेल्या आहेत, उरलेल्या माझ्यासमोर झाल्या आहेत.

आमच्याकडे शिक्षकाला प्रवेशाचं टार्गेट असतं. माझं १० चं असायचं. फेब्रुवारीत सेमिस्टर ऐन भरात असतं, पण स्टाफ मीटिंगमध्ये अभ्यासक्रम किती झाला हे कोणी विचारत नाही. ‘डेटा किती आला’ हे विचारतात. डेटा म्हणजे दहावीच्या मुलांची नावं, गाव आणि वडिलांचा मोबाइल नंबर. तो शाळांमधून आणायचा. कुठे मुख्याध्यापक ओळखीचे असतात, कुठे क्लार्कच्या हातावर काही ठेवावं लागतं, कुठे वर्गशिक्षकालाच प्रत्येक प्रवेशामागे ठरलेली रक्कम मिळते. परीक्षा संपली की मोटारसायकलवर दोघादोघांनी गावं वाटून घ्यायची, पेट्रोल आपल्या खिशातलं. संध्याकाळी व्हिजिट रजिस्टर भरायचं आणि नावापुढे शेरा लिहायचा: ‘पक्का’, ‘डळमळीत’, ‘दुसरीकडे गेला’. जून-जुलैचा पगार टार्गेट पुरं झाल्यावरच निघतो. मला १८ हजार मिळतात आणि मला दोन मुलं आहेत. ही सबब म्हणून सांगत नाही. पण शिकवणारा माणूस असा का वागतो, असं ज्यांना वाटतं त्यांना पगाराची ही गोष्ट माहीत असायला हवी.

एके काळी हे उलटं होतं. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, तेव्हा जागा थोड्या आणि मागणारे फार. पालक डोनेशनची रक्कम घेऊन संस्थाचालकांच्या दारात उभे असायचे. त्याला आळा घालायला १९८७ चा कॅपिटेशन फी मनाईचा कायदा झाला. आता आमच्यासारख्या कॉलेजात निम्मे बाक रिकामे राहतात, म्हणून आम्हीच पालकांच्या दारात जातो. तेव्हा ज्याच्याकडे पैसा आहे त्याचं पोर हवं असायचं. आता फीचा मोठा भाग सरकारी शिष्यवृत्तीतून येतो, त्यामुळे ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या घरापर्यंत आम्ही चिखल तुडवत पोचतो.

प्रवेश तर सरकारी यादीने होतात, मग कोणी कसं फसवेल, असं वाचकांना वाटेल. दहावीनंतरच्या पदविकेचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, दहावीच्या गुणांवर होतात हे खरं. मुलाने ऑनलाइन नोंदणी करायची, कागदपत्रं तपासून घ्यायची आणि गुणवत्ता यादी लागली की कॉलेजं व शाखा आपल्या पसंतीच्या क्रमाने भरायच्या. याला सगळे ‘ऑप्शन फॉर्म’ म्हणतात. खरी मेख इथे आहे. पहिल्या फेरीत एक नंबरला लिहिलेलं कॉलेज मिळालं, तर ती जागा आपोआप कायम होते. ‘हे नको, पुढच्या फेरीत बघू’ म्हणता येत नाही. प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत नावच राहत नाही. आता ज्या कॉलेजात निम्म्या जागा रिकाम्या राहतात, ते एक नंबरला लिहिलं तर मिळणारच. म्हणून आमची सगळी धडपड त्या एका रकान्यासाठी चाललेली असते. त्यासाठी मुलाचं लॉगिन आपल्या हातात हवं. ‘नेट कॅफेत कशाला पैसे घालवता, आम्ही फुकट भरून देतो’ म्हणून नोंदणी आमच्याच लॅबमध्ये करून घेतो. पासवर्डही आम्हीच ठरवतो. सगळ्या मुलांना एकच असतो: कॉलेजचं नाव आणि त्यापुढे साल.

२०२२ ची गोष्ट सांगतो. धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचं घर. आईबाप दोघंही ऊसतोडीला जाणारे, दिवाळीनंतर कारखान्याला आणि पाडव्याच्या सुमाराला परत. पोरगी आजीजवळ राहून दहावी झालेली, ८५ टक्के. पत्र्याच्या खोलीत खिळ्याला साडीच्या दुकानातली एक पिशवी टांगलेली होती. आत मार्कमेमो, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. आजीने पिशवी खाली काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. वडील म्हणाले, “सर, तुम्ही गुरुजी माणूस. तुम्ही जे करताल ते चांगलंच करताल.”

पोरीला माझ्यापेक्षा तिच्या शाळेतल्या बाईंनी नीट सांगितलेलं होतं. ती म्हणाली, “सर, एक नंबरला लातूरचं लेडीज पॉलिटेक्निक टाका, तिथं राहायची सोय आहे. तुमचं दोन नंबरला टाका.” म्हणजे लातूरचं शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन. आजी थकलेली, आईबाप सहा महिने बाहेर. अशा पोरीला त्याहून योग्य जागा शोधून सापडली नसती. मी म्हणालो, “आधी जवळचं टाकावं लागतं, सिस्टीम तसंच घेते. लातूर नंतर आपोआप लागेल.” हे खोटं होतं आणि बोलताना मला ते माहीत होतं. माझे सात प्रवेश झाले होते, तीन बाकी होते.

ऑप्शन फॉर्म भरायच्या दिवशी वडील दुसऱ्याच्या रानात कामावर होते. मी फोन करून म्हणालो, “मोबाइलवर एक मेसेज आला असेल, त्यातला नंबर तेवढा सांगा.” त्यांना इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी बांधावरच्या कुणा पोराला हाक मारली, त्याच्याकडून आकडे वाचून घेतले आणि मला एकेक करून सांगितले. बरोबर आले का, असं दोनदा विचारलं. मी ‘हो’ म्हणालो आणि फॉर्म लॉक केला.

पहिल्या फेरीत आमचं कॉलेज लागलं. ‘एक रुपया लागणार नाही, सगळी फी सरकार भरतं’ असंही मी त्या घरात बसून सांगितलं होतं. शिष्यवृत्तीतून जे येतं ते सोडून उरलेलं शुल्क, बस, परीक्षा, गणवेश असं मिळून ऑफिसने पहिल्या वर्षाला ४३ हजार मागितले. मूळ कागद ‘तपासणीसाठी’ म्हणून आधीच कपाटात गेले होते. ती वडिलांना घेऊन टीसी मागायला आली, तेव्हा क्लार्कने सांगितलं, तिन्ही वर्षांची फी भरा आणि कागद घेऊन जा. मी शेजारच्या टेबलापाशी उभा होतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सर, तुम्ही जरा सांगा ना साहेबांना.” मी काहीही सांगितलं नाही. त्या साली त्यांनी मुकादमाकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाढवून घेतली.

ती आमच्याकडेच शिकली. थिओडोलाइट, म्हणजे सर्वेक्षणात कोन मोजायचं यंत्र, लावायला तिला एकदाच दाखवावं लागलं, नंतर तीच बाकीच्यांना दाखवायची. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. वाढीव उचल फेडायला तिसरं माणूस लागलं होतं. लातूरची त्या सालची कट-ऑफ यादी मी नंतर काढून पाहिली. तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलींना तिथे जागा मिळाली होती.

काही मुलांचं याहून वाईट होतं. ‘फॉर्मची मुदत संपली, आता कोट्यातूनच होईल’ असं सांगून त्यांना थेट व्यवस्थापन कोट्यात, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांवर, बसवतात. त्या प्रवेशाला फीची सरकारी सवलत मिळत नाही, हे घरच्यांना कॉलेज सुरू झाल्यावर कळतं.

नियम नाहीत असं नाही. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर फार तर १००० रुपये कापून बाकीची फी परत द्यायची आणि कागद अडवायचे नाहीत, असं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं बंधन आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१८ मध्ये पदवी महाविद्यालयांना हेच बजावलं: मूळ प्रमाणपत्रं पाहा आणि लगेच परत करा. शिक्षणात नफेखोरी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २००५ मध्ये आपल्याच राज्यातून गेलेल्या इनामदार खटल्यात सांगितलं. राज्याने २०१५ मध्ये कायदा करून प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणं नेमली. पण तक्रार करायची पालकाने, आणि त्याचे कागद कॉलेजच्या कपाटात. शिवाय त्या पोरीने तक्रार तरी काय लिहायची होती? कागदोपत्री सगळं रीतसर आहे. पसंतीक्रम तिच्या लॉगिनमधून भरला गेला, ओटीपी तिच्या वडिलांच्या फोनवर गेला.

म्हणून तंत्रशिक्षण संचालनालयाला माझी कळकळीची विनंती आहे. ओटीपीच्या मेसेजमध्ये नुसता आकडा पाठवू नका. मराठीत लिहा की ‘तुमचा एक नंबरचा पर्याय अमुक कॉलेज हा आहे, ते मिळालं तर बदलता येणार नाही, हा आकडा कॉलेजच्या माणसालाही सांगू नका.’ आणि फॉर्म लॉक झाल्यावर दोन दिवस तरी तो विद्यार्थ्याला उघडता यावा. त्या दिवशी बांधावरच्या पोराने आकड्यांच्या आधी कॉलेजचं नाव मोठ्याने वाचलं असतं, तर वडिलांनी मला तिथेच अडवलं असतं. एकाच कॉम्प्युटरवरून एका दिवसात पन्नास-साठ मुलांचे फॉर्म लॉक होतात आणि सगळ्यांचा एक नंबर एकच असतो, हे संचालनालयाला शोधायचं म्हटलं तर अवघड नसावं.

दुसरं, शिक्षकाचा पगार प्रवेशाच्या टार्गेटला बांधणं हा गुन्हा ठरवा. घरात येणारा माणूस एजंट असेल तर बाप चार प्रश्न विचारतो. सर आले म्हटलं की तो पिशवी काढून देतो.

आपल्यालाही एक विनंती. नोकरीची हमी देणारी जाहिरात छापण्याआधी मागच्या वर्षी किती मुलांना नोकरी लागली, हे त्या संस्थेकडून लेखी मागावं.

पालकांनो, नोंदणी शक्यतो शासकीय तंत्रनिकेतनातल्या सुविधा केंद्रात जाऊन करा. पासवर्ड पोराला किंवा पोरीला स्वतः ठरवू द्या. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या, आणि मूळ कागद घेऊनच घरी या. कॉलेजचे सर कितीही गोड बोलले तरी मोबाइलवर आलेला आकडा त्यांना सांगू नका. माझ्यासारखेच कोणीतरी सर या आठवड्यात तुमच्याही घरी येणार आहेत.

यंदा मी टार्गेट घेतलेलं नाही, तसं लेखी दिलं आहे. त्यामुळे माझं नाव छापू नये. ते पत्त्यासह आपल्याकडे सोबत दिलं आहे. तंत्रशिक्षण सहसंचालकांनी मागितलं तर जरूर द्यावं. २०२२ च्या व्हिजिट रजिस्टरच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत.

आपला,
एक अधिव्याख्याता, जि. बीड