गणिताच्या बाईंना, नाटकवाल्यांकडून

बाई, सप्रेम नमस्कार.

नववीतल्या मुलाला पहिल्या घटक चाचणीत गणितात 20 पैकी 4 पडले की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: नाटकातून काढा त्याला. तुम्ही ते म्हणाला नाहीत. संहिता मागून घेतलीत आणि पट्टीने तक्ता आखलात. आडवे नऊ प्रवेश, उभी चौदा पात्रं, जो ज्या प्रवेशात आहे तिथे फुली. आपल्या पठ्ठ्याच्या फुल्या चारच निघाल्या: 2, 3, 7 आणि 9. स्नेहसंमेलनाच्या तालमीला मात्र त्याला आठवड्याचे सहाही दिवस, 5 ते साडेसहा, बोलावणं होतं. उरलेला वेळ तो विंगेत बसून दुसऱ्यांचे संवाद पुटपुटायचा.

मंगळवारी 2 आणि 3, गुरुवारी 7 आणि 9, शनिवारी सगळे. एवढ्यावर त्याचे आठवड्याचे साडेचार तास सुटले. आभारांआधी खरं तर माफी मागायला हवी.

बहुपदी अडली म्हणून सगळे त्याच्याकडून बहुपदीच घोटून घेत होते. तुम्ही फळ्यावर 12 − (7 − 4) लिहिलंत. त्याचं उत्तर आलं 1. कंसाबाहेरचं वजाचिन्ह त्याने 7 ला लावलं, पण 4 चं चिन्ह बदललंच नाही. यायला हवे होते 9. मागच्या इयत्तांतली ही गळती. बहुपदींच्या वजाबाकीत तीच चूक दुसऱ्या ओळीत शिरते, आणि पुढची रीत अचूक असूनही उत्तर चुकतं. दोन आठवडे रोज कंसांची दहा उदाहरणं, बस्स. धड्याला त्यानंतर हात घातलात.

तालमीहून घरी गेल्यावर इतिहासाची उत्तरं पाठ करायची नाहीत, हेही तुमचंच. पाठांतरावर पाठांतर चढलं की दोन्हींची सरमिसळ होते. संध्याकाळी उदाहरणं सोडवायची, उत्तरं सकाळी.

संवादांच्या कागदाची युक्ती तर आम्हीच तुमच्याकडून घेतली. मुलं अख्खी झेरॉक्स वरून खाली वाचतात, त्यामुळे संवाद फक्त ओळीने येतात; समोरच्याने एक वाक्य गाळलं की खेळ खल्लास. तुम्ही कागद उभा दुमडलात. डावीकडे समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन शब्द, उजवीकडे आपलं वाक्य. उजवी बाजू झाकायची आणि मधूनच कुठूनही विचारायचं. मग तसाच कागद भूमितीच्या प्रमेयांचा केलात, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. त्याला तो लगेच कळला, कारण क्यू, म्हणजे आपलं वाक्य सुरू करायची समोरच्याची खूण, त्याला ठाऊक होती.

रंगीत तालमीआधीच्या आठ दिवसांत नवा धडा बंद, जुनी पाच उदाहरणं फक्त. त्या आठवड्यात कुणाच्याच डोक्यात नवं काही शिरत नाही, मोठ्यांच्यासुद्धा.

दुसऱ्या चाचणीत 9 आले. फार दिवे लागले नाहीत, पण कंसाची चूक एकही नाही. नाटकात सातव्या प्रवेशात समोरच्याने वाक्य गाळलं, तेव्हा याने पुढचं अचूक उचललं.

तक्ता नाटकाच्या फाइलला लावलाय. संहिता ठरली की पहिल्याच दिवशी भरायचा, असं ठरलंय. एक भर घातली आहे: नेपथ्य आणि पडद्याच्या मुलांसाठी वेगळ्या ओळी. तीही रोज तितकीच अडकून पडतात, आणि त्यांची फुली आजवर कुणी मारलीच नव्हती.

आपली,
स्नेहसंमेलनाची नाटक समिती