बडोद्यातले ‘स्कँडिनेव्हियन’ घर आणि पश्चिमेची काच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भायली, वासणा, सेवासी, गोत्री या बाजूला बंगल्यांच्या फलकांवर ‘स्कँडिनेव्हियन’ हा शब्द हल्ली वारंवार दिसतो. सॅम्पल हाउस पाहायला गेलेल्या कुटुंबाला पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, जमिनीपासून छतापर्यंत काच आणि दिवाणखान्याला लागून उघडे स्वयंपाकघर दाखवतात. घर देखणे असते, यात शंका नाही. पण स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमधल्या घराची हुशारी आहे ती खोल्यांच्या मांडणीत, आणि इथवर येताना नेमकी तीच मागे राहते. घरांचे नकाशे काढणे आणि ती बांधणे हे आमचे रोजचे काम असल्याने, चाळीस बाय साठ फुटांचा प्लॉट, दोन मजले आणि आजी-आजोबा धरून सहा माणसे असे घर समोर ठेवून, दारापासून आत जात काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

तिकडच्या घरात शिरताच थेट सोफा दिसत नाही. आधी एक लहान खोली लागते. नॉर्वेत तिला ‘विंदफांग’ म्हणतात, म्हणजे वारा अडवणारी. बाहेरचे दार, मग ही खोली, मग आतले दार. एक उघडताना दुसरे बंद, म्हणून थंडी आत येत नाही. बूट, कोट, ओल्या छत्र्या सगळे इथेच थांबते. बूट काढून घरात जाण्याची रीत तिकडेही आपल्याइतकीच पक्की आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी वाड्यांची ओसरी हेच काम करत असे. बडोद्यात थंडी अडवायची नसली तरी धूळ, डास आणि मे महिन्यातली झळ अडवायची आहेच. तेव्हा बाहेर जाळीचे दार, आत लाकडी दार आणि मध्ये निदान पाच बाय सात फूट जागा ठेवावी. या जागेची फरशी आतल्यापेक्षा १२ ते १५ मिलिमीटर खाली घ्यावी आणि कोपऱ्यात पाणी जायला जाळी असावी. तीन फूट रुंद फळीवर चपलांचे चार जोड मावतात. सहा माणसांचे चोवीस जोड धरले तर सहा फळ्या हव्यात, दोन फळ्यांत १७-१८ सेंटिमीटर अंतर. कपाटाची दारे पट्ट्यांची, हवा खेळणारी करावीत. बंद दारांच्या कपाटात पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते. हेल्मेटसाठी वर ३५ सेंटिमीटर उंचीचा कप्पा लागतो. तो बहुतेक नकाशांत नसतो, आणि मग हेल्मेटे जेवणाच्या टेबलावर येतात.

दुसरे दार याहून महत्त्वाचे. स्वीडिश आणि डॅनिश घरात स्वयंपाकघराला लागून मागे एक कामाची खोली असते. डॅनिश तिला ‘ब्रुगर्स’ म्हणतात. धुण्याचे मशिन, सिंक, चिखलाचे कपडे, बाहेर उघडणारे दार, सगळे तिथे. आपली मोरी, इथल्या बोलीतली चोकडी, ती हीच. आजच्या बंगल्यांत मात्र ती तीन फुटांची गॅलरी होऊन बसली आहे. ती निदान पाच बाय आठ फूट असू द्या. साठ सेंटिमीटर खोलीच्या मशिनमागे नळी-पाइपसाठी दहा सेंटिमीटर सोडावेच लागतात; ते न सोडल्याने मशिन पुढे येते आणि दार पूर्ण उघडत नाही. फरशीला ऐंशीस एक उतार द्यावा. वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवावे, नाहीतर दोन पावसाळ्यांत पलीकडच्या भिंतीचा रंग सुटतो. कपडे वाळवायच्या दोऱ्या छताला ओढून घेता येतील अशा बसवल्या आणि एक एक्झॉस्ट पंखा दिला, तर जुलै-ऑगस्टमध्ये बैठकीच्या खुर्च्यांवर ओले कपडे टाकायची वेळ येत नाही.

आता स्वयंपाकघर. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. डॅनिश घरातली मोठी खोली म्हणजे ‘अलरुम’, सगळ्यांची खोली; रांधणे, जेवणे, मुलांचा अभ्यास सारे एकत्र. लांब अंधाऱ्या हिवाळ्यात घरची माणसे एकत्र बसावीत म्हणून ती मोठी आणि मोकळी. ती चालते याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे तिकडचा बराच स्वयंपाक उकडण्याचा आणि ओव्हनमधला. दुसरे कारण फोटोत दिसतच नाही. नव्या घरांत हवा फिरवणारे यंत्र असते, जे झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोल्यांत ताजी हवा सोडते आणि स्वयंपाकघर व न्हाणीघरातून वापरलेली हवा खेचते. त्यामुळे वास माणसांकडे येत नाही. हे यंत्र वगळून आपण फक्त मधली भिंत पाडतो, आणि मोहरी-हिंगाची फोडणी, तळणीचा धूर, मिरचीचा ठसका थेट सोफ्याच्या कापडात जाऊन बसतो. तेलाचा थर छताच्या पंख्याच्या पात्यांवर आधी दिसतो, मग पांढऱ्या भिंती पिवळ्या पडतात.

यावर चिमणी हे उत्तर आहे, पण ती नीट बसवली तरच. शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर उंचीवर ती हवी. तिचा पाइप सहा इंचीच राहू द्यावा. भिंतीतले भोक आधीच चार इंची ठेवले म्हणून सुतार किंवा फिटर पाइप चार इंचावर आणतो, तेव्हा हवेची वाट निम्म्याहून कमी होते. मोटर ओरडते आणि धूर तसाच राहतो. पाइपची लांबी दहा-बारा फुटांच्या आत आणि वळणे दोनपेक्षा जास्त नकोत. जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यावी लागते, हेही विसरले जाते. एसी लावून सगळी दारे-खिडक्या मिटलेल्या मोठ्या खोलीत चिमणी काहीच ओढू शकत नाही. शेगडीच्या समोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला फूटभर चौरस जाळीची खिडकी ठेवा. शेगडी आयलंडवर, म्हणजे खोलीच्या मधल्या सुट्या ओट्यावर, कधीही घेऊ नये. पंख्याचा वारा चारही बाजूंनी लागून ज्योत हलते आणि चिमणीखालचा धूर पसरतो.

आमचा सल्ला असा की स्वयंपाकघराचे दोन भाग करावेत. पुढे उघडा ओटा, त्यावर इंडक्शन, चहा, न्याहारी, भाजी निवडणे. मागे आठ बाय नऊ फुटांत भिंतीला लागून गॅस, फोडणी-तळणी आणि भांडी, मध्ये काचेचे सरकते दार. मोकळेपणाही राहतो आणि पोळ्या लाटणारी बाई घरातल्यांपासून तुटत नाही. आयलंड आणि ओटा यांत ११० सेंटिमीटर मोकळे हवेत. नव्वदवर आणले की फ्रिजचे दार उघडताना दुसरे माणूस अडते. ओट्याची उंची घरात जो जास्त रांधतो त्याच्या कोपरापासून १० ते १५ सेंटिमीटर खाली मोजावी. साधारण पाच फूट दोन इंच उंचीला ८४ सेंटिमीटर बसते. नव्वदचा तयार ओटा घेतला की खांदे दुखू लागतात.

काचेबद्दल थोडे हिशेबाने बोलावे लागेल. स्टॉकहोम साधारण ५९ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला तिथे दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर असतो आणि दिवस सहा तासांचा. तिथल्या माणसाला उन्हाची प्रत्येक तिरीप हवी असते. संध्याकाळचे ऊन मिळावे म्हणून तो पश्चिमेला बाहेर बसायची जागा करतो. बडोदे २२ अंशांवर. इथे जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर आणि डिसेंबरमध्येही ४४ अंशांवर असतो. तरी दक्षिणेच्या खिडकीला घाबरायचे कारण नाही. तिच्यावर दोन फुटांचा छज्जा काढला आणि तो दोन्ही बाजूंना फूटभर जास्त नेला, तर २१ मार्च ते २३ सप्टेंबर चार फूट उंच खिडकीवर ऊन पडत नाही आणि डिसेंबरमध्ये खालचा अर्धा भाग छान उन्हात येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात थोडे ऊन शिरते, तेवढ्यापुरता पडदा ओढावा.

खरा घात पश्चिमेचा आहे. तिथे सूर्य खाली येऊन समोरून मारा करतो आणि छज्जा निरुपयोगी ठरतो. दहा बाय आठ फुटांची साधी एकेरी काच पश्चिमेला असेल, तर एप्रिल-मेच्या दुपारी तिच्यातून साडेतीन किलोवॉटच्या आसपास उष्णता आत येते. म्हणजे एक टनाचा एसी निव्वळ त्या एका काचेसाठी चालवायचा! रस्ता पश्चिमेला आहे म्हणून दर्शनी काच पश्चिमेला, असे कित्येक बंगल्यांत झाले आहे. आतून जाड पडदा लावून उपयोग नाही. ऊन काच ओलांडून आले की उष्णता घरातच राहते. ते बाहेरच अडवावे लागते. सात-आठ फूट खोल व्हरांडा, उभ्या पट्ट्या, किंवा बाहेरून सोडलेले बांबूचे चिक. पश्चिम पूर्ण बंदही करू नका, कारण उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. जाळी आणि सावली ठेवून तो आत घ्या.

दोन मजली उंचीचा दिवाणखाना हेही स्कँडिनेव्हियन घरांच्या फोटोंतले आवडते दृश्य. वर गेलेली गरम हवा इथे झोपण्याच्या खोल्यांच्या दारांशी साठते आणि एसीची थंड हवा खाली बसते. वाड्यांतला चौक वरून उघडा होता म्हणून गरम हवा निघून जाई. उंची हवीच असेल तर माथ्यावर समोरासमोर झरोके द्या, जाळी लावून.

गच्चीबद्दल कुणी विचारत नाही, आणि सर्वांत जास्त ऊन तीच झेलते. उताराचा थर, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचा) शीट, मग सांधे सोडलेला काँक्रीटचा थर आणि वर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेला थर), या क्रमाने काम केले तर स्लॅबमधून येणारी उष्णता पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. स्वीडनमध्ये भिंतीत पाऊण-एक फूट उष्णतारोधक भरतात. आपल्याला निदान डोक्यावर दोन इंच भरायला हरकत नसावी.

लाकडी फरशी मात्र नकोच, असे आम्ही स्पष्ट सांगतो. बाजारात मिळणारी लॅमिनेटची फरशी म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा आठ मिलिमीटरचा पत्रा. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने पुसतात; सांध्यांत पाणी मुरून कडा फुगतात. वरून पावसाळ्याचा दमटपणा आणि वाळवी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी ज्या वस्त्यांत शिरले, तिथे तळमजल्यावर लाकूड घालणे म्हणजे जाणूनबुजून नुकसान. कोटा किंवा विट्रिफाइड घालावे. लाकूड हवेच तर जिन्याच्या पायऱ्यांना वलसाडी साग वापरावा. वाळवीचे औषध पायाच्या भरावावर दर चौरस मीटरला पाच लिटर द्रावण या प्रमाणात पडलेच पाहिजे, आणि नंतर पाइपसाठी खणले तर त्या जागी पुन्हा.

झोपण्याच्या खोल्या तिकडे आपल्या समजुतीपेक्षा लहान असतात, आईवडिलांची दहा-बारा चौरस मीटर, मुलांची सात-आठ. वाचलेली जागा वरच्या मजल्यावर मुलांच्या खोल्यांमध्ये एक सामायिक बैठक करायला जाते. हे जसेच्या तसे घ्यावे. आजी-आजोबांची खोली तळमजल्यावरच, न्हाणीघर लागून, दार ८० सेंटिमीटर मोकळे, उंबरा नाही, आत दीड मीटरचा वळण्याइतका घेर.

आणि ती मोकळी, पसाऱ्याशिवायची बैठक? ती मोकळी राहते कारण घराची बरीच जागा कोठीला दिलेली असते. आपल्याला तर जास्तच लागते. मे महिन्यात एरंडेल लावून वर्षाचे गहू भरणाऱ्या घरात एका क्विंटलला साधारण १३० लिटरची कोठी धरावी. लोणच्याच्या बरण्या, गोधड्या, गौरी-गणपतीचे मखर, दिवाळीचे आकाशकंदील. उत्तरेच्या बाजूला, स्वयंपाकघराजवळ पाच बाय सात फुटांची कोठी नकाशातच काढून घ्या. देवघराची जागाही त्या नकाशांत नसते. आणि गणपतीचे मखर मांडायला दिवाणखान्याची एक सहा फुटांची भिंत कपाटाविना सोडावी, प्लगच्या सोयीसकट.

दिव्यांचे एकच सांगतो. तिकडे छताला एक झगझगीत दिवा नसतो. २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, लहान लहान दिवे असतात, जेवणाच्या टेबलावर सुमारे ६० सेंटिमीटर उंचीवर एक. हे स्वस्त आहे आणि लगेच करता येते. छतातले दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर आले की उजेड लुकलुकतो. ४८ इंची पंख्याच्या मध्यापासून ७५ सेंटिमीटर दूर बसवावेत.

घर घेणाऱ्यांनी सॅम्पल हाउस सकाळी न पाहता एप्रिलमधल्या दुपारी चार वाजता, एसी बंद करायला सांगून पाहावे. फोनमधले होकायंत्र उघडून काच कुठल्या दिशेला आहे ते बघावे. चिमणीचे भोक किती इंची आणि गच्चीचे थर कोणत्या क्रमाने, हे विचारून उत्तर लेखी घ्यावे.

आपले,
घरबांधणीच्या व्यवसायातील काही वाचक, बडोदे