जुन्या गाडीचा आवाज आणि कायदा

बदललेल्या सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची बातमी वाचली. कारवाई योग्यच आहे. मात्र आपल्या जुन्या मोटारीचा आवाज भारदस्त असावा असे वाटणाऱ्याला कायदेशीर वाट उपलब्ध आहे, हे बातमीत यायला हवे होते.

बहुतेक जुन्या गाड्यांचा फाटका आवाज गळतीचा असतो. मॅनिफोल्डची (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीची) गॅस्केट, म्हणजे सांध्यातली चकती, जळते, पाइप टांगून धरणारे वाळलेले रबरी हँगर तुटून पाइप बॉडीला आपटतो आणि छोट्या फेऱ्यांमुळे साचलेले पाणी मागचा मफलर (सायलेन्सर) आतून गंजवते. इंजिन थंड असताना सुरू करून मागे धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडावर ओला फडका क्षणभर धरावा. जिथून फुसफुस ऐकू येते तिथे गळती. ती आधी बंद करावी, कारण तिथूनच धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो.

त्यानंतर मूळ व्यासाचाच स्टेनलेस पाइप आणि कंपनीच्या मापाचा मफलर बसवला की आवाज खोल व गोल येतो. जाड पाइपच्या मोहात पडू नये. वायूचा वेग मंदावून इंजिन कमी वेगाने फिरत असताना गाडीची ओढ जाते आणि हायवेवर कानठळ्या बसवणारी घरघर मागे लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तर मुळीच काढू नये. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या नियमभंगासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

पोलिसांनी गाडीमालकाबरोबरच असे बदललेले सायलेन्सर विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या दुकानांवरही कारवाई करावी.

– एक वाचक, पुणे