शेवंतीला खत नको, अंधार हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं बागेविषयीचं प्रश्नोत्तरांचं सदर मी नेमाने वाचते. गेल्या अंकात एका वाचकाचा प्रश्न होता : शेवंती तरारून वाढली आहे, पानं गर्द हिरवी आहेत, फुलायचे दिवस सरत आले तरी कळीचा पत्ता नाही. उत्तर छापलं होतं, ‘खत कमी पडतंय, दर पंधरा दिवसांनी द्या.’ त्याच सदरात पिवळ्या पडलेल्या जास्वंदीलाही खतच सांगितलं होतं.

माझं सारं आयुष्य रोपवाटिकेत गेलं. शेवंतीच्या काड्या लावणं, शेंडे खुडणं, कुंड्या भरणं हेच माझं काम होतं. त्यामुळे हे उत्तर वाचून गप्प बसवेना. गर्द हिरव्या पानांच्या रोपाला नत्राची उणीव नसते. त्यात आणखी खत घातलं तर पानं वाढतील, कोवळ्या शेंड्यांवर मावा येईल. कळी येणार नाही. खरं कारण त्या वाचकाने स्वतःच लिहिलं होतं : ‘कुंडी गॅलरीत दिव्याखाली आहे आणि दिवा रात्रभर चालू असतो.’

रोपवाटिकेत आम्ही हाच परिणाम मुद्दाम घडवून आणत असू. ज्या मातृरोपांच्या काड्या घ्यायच्या त्यांना कळी येऊन चालत नाही, कारण कळी धरलेल्या काडीपासून चांगलं रोप होत नाही. म्हणून दिवस लहान होऊ लागले की त्या वाफ्यांवर मध्यरात्री काही तास दिवे लावायचे. तेवढ्याने शेवंती फुलायचं लांबणीवर टाकते आणि नुसती वाढत राहते. शेजारच्या वाफ्यात तीच जात, तेच खत, तेच पाणी. तिथे दिवे नसत आणि ती वेळेवर फुले. नव्याने कामाला आलेल्या मुलींना मी दोन्ही वाफ्यांच्या मधोमध उभं करून हे दाखवत असे. एकदा पाहिलं की त्या विसरत नसत.

यामागचं शास्त्र शंभर वर्षांपूर्वीचं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि अॅलार्ड या दोघांकडे तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळाभर माणसाहून उंच वाढे, पण शेतात फुलायचं नाव घेत नसे. त्यांनी तापमान, पाणी, खत सगळं तपासलं. शेवटी रोपं रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवली आणि भर उन्हाळ्यात त्यांना फुलं आली. 1920 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं : अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात. पुढे 1938 साली हॅम्नर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी झँथियम या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग करून दाखवलं की झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ प्रकाश पाडला की त्याच्या लेखी ती रात्र मोडते आणि ते फुलत नाही. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर काहीच बिघडत नाही.

हे मोजमाप पानात होतं. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. तांबड्या प्रकाशात ते कार्यक्षम रूपात जातं आणि अंधारात हळूहळू पूर्वरूपात परततं. रात्री दिवा लागला की ते पुन्हा कार्यक्षम होतं आणि शेवंतीला कळी धरायचा निरोप मिळत नाही. निरोप पानातून शेंड्याकडे जातो हे तर खुद्द शेवंतीवरच सिद्ध झालं आहे. 1930च्या दशकात मिखाईल चैलाख्यान या वनस्पतिशास्त्रज्ञांनी शेवंतीच्या शेंड्याकडची पानं काढून टाकली आणि खालच्या पानांना रोज लांब रात्र दिली. शेंड्याला मोठा दिवस मिळत होता, तरीही रोप फुललं. पानातून निघणारा हा निरोप म्हणजे एक प्रथिन आहे, हे 2007 साली दुसऱ्या वनस्पतींवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. सत्तर वर्षं शास्त्रज्ञ त्याच्या मागावर होते, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

तेव्हा त्या वाचकांना माझं सांगणं असं. कुंडी रात्री दिवा न पोहोचणाऱ्या कोपऱ्यात हलवा. ते शक्य नसेल तर संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत जाड, काळ्या, आरपार न दिसणाऱ्या कापडाने झाका. झाकण्यात एका रात्रीचाही आळस नको. मात्र ऊन तापलेलं असताना झाकू नका, आत उष्णता कोंडली तरी कळी लांबते. चांदण्याची काळजी नको, ते फार मंद असतं. साधारण महिनाभरात कळ्या दिसू लागतील. उमलायला जातीनुसार एकूण सात ते बारा आठवडे लागतात. आणि आता शेंडा खुडू नका. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्झिन नावाचं संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं, म्हणून सुरुवातीच्या वाढीत शेंडा खुडला की फुटवे फुटून रोप भरतं. पण कळी धरायच्या वेळी खुडलं तर कळीच हातात येते.

जास्वंदीबद्दल. पानं पिवळी, माती सतत ओली आणि तरीही रोप मलूल, असं प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं. हे मुळं गुदमरल्याचं लक्षण आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. ऑक्सिजन संपला की मुळं पाणीही नीट ओढू शकत नाहीत, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं मान टाकतं. आपण आणखी पाणी घालतो. त्यावर खत पडलं तर मातीतले क्षार वाढतात, मुळांकडे येणारं पाणी आणखी घटतं आणि पानांच्या कडा करपतात. कुंडीच्या तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो, असंही आपल्या सदरात बरेचदा येतं. तसं होत नाही. बारीक छिद्रांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशी धरून राहतं. खड्यांमुळे तो ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोक मोकळं ठेवा, माती भुसभुशीत करा, उथळ कुंडीऐवजी खोल कुंडी घ्या आणि बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी घाला.

खतावर माझा राग नाही. 17व्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञांनी 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचं विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांवर गेलं, माती मात्र दोनच औंस घटली. त्यांनी सारं श्रेय पाण्याला दिलं. झाड हवेतून कार्बन घेतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाळलेल्या झाडाचं सुमारे 96 टक्के वजन कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं असतं, म्हणजे हवा आणि पाणी यांतून आलेलं. नत्र, स्फुरद, पालाश आणि बाकीची खनिजं उरलेल्या थोडक्या भागात येतात. ती नसतील तर झाड वाढणार नाही, पण ती पुरेशी असताना आणखी घालून प्रकाशाची किंवा मुळांतल्या हवेची उणीव भरून निघत नाही.

संपादक महाशय, प्रश्न पाठवणाऱ्यांकडून एवढं लिहून घ्या : कुंडी कुठे आहे, तिला ऊन किती तास मिळतं, रात्री उजेड पडतो का, पाणी कधी घालता, खालून पाणी निघतं का. आणि उत्तरात उपायासोबत त्याचं कारणही छापा. शेवंतीविषयीची दुरुस्ती मात्र येत्याच अंकात यावी. लांब रात्रींचे दिवस सरले तर त्या रोपाला पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागेल.

आपली नम्र,
रोपवाटिकेतून निवृत्त झालेली एक वाचक