भाऊबीजेच्या जेवणाबद्दल, आई-बाबांना

ठाणे,
१८ नोव्हेंबर

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता येत नाही. बाबांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवावा लागतो, आणि चढवलेल्या आवाजात साधी गोष्टसुद्धा भांडणासारखी वाटते. पत्र मात्र बाबा, तुम्ही हातात पेन्सिल घेऊन वाचता. मी वसतिगृहात होते तेव्हा माझ्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तुम्ही उलट टपाली कळवायचात. तेव्हा हेही तसंच वाचा, आणि पटणार नाही तिथे खूण करा. आई, तूही चष्मा लावून शेजारी बस, कारण निम्मं पत्र तुझ्यासाठी आहे.

भाऊबीजेला अण्णाकाकांकडे जे झालं, त्याबद्दल लिहितेय. बाबा, तुम्ही पानावरून मध्येच उठलात, अर्धी पुरी आणि बासुंदीची वाटी तशीच ठेवलीत आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलात. पोट बरं नाही असं सांगितलंत. त्यानंतर अण्णाकाकांचा फोन तुम्ही घेतलेला नाही. तुम्हाला काय ऐकू आलं होतं ते आईने मला परवा सांगितलं: निखिल म्हणाला, ‘काकांचा त्रास नको, त्यांना इथेच वाढा,’ आणि सगळे हसले.

मी निखिलच्या शेजारीच उभी होते. तो म्हणाला, ‘काकांना जिन्याचा त्रास नको, त्यांना इथेच वाढा.’ तरुण मंडळी गच्चीवर बसणार होती आणि तुमचे गुडघे त्याला माहीत आहेत. हसणं झालं ते ओवीमुळे. तिने बासुंदीत पापड बुडवला होता. तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसला होतात, त्यामुळे ते तुम्हाला दिसलं नाही.

वयोमानाने कान उतरतो, तेव्हा सगळे आवाज सारखे उतरत नाहीत. वरच्या पट्टीचे आधी जातात. स्वर येत राहतात, पण स, श, च, फ अशी व्यंजनं पुसट होतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द लागत नाही. त्यात चार माणसं एकदम बोलत असतील, भांडी वाजत असतील, तर आणखीच अवघड. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं सगळ्यात आधी निसटतं. यात तुमचा काही दोष नाही. पण निसटलेली जागा मन रिकामी ठेवत नाही, तिथे आपलं काहीतरी भरून टाकतं. आणि बाबा, तुमचं मन तिथे काय भरतं ते मला ठाऊक आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुमच्या बोलण्यात ते वाक्य येतं: आता आपली कुणाला गरज नाही. निखिलचं अर्धं वाक्य कानावर पडलं आणि उरलेलं या वाक्याने पुरं केलं.

मी गेलं वर्षभर इथल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थमध्ये एका अभ्यासवर्गाला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली ही संस्था. ‘मुलगी मानसोपचारवाल्यांकडे जाते’ म्हणून आई सुरुवातीला घाबरली होती, म्हणून तिथे काय शिकवतात ते आज नीट सांगते. मुळात ही पद्धत अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. त्यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. आपल्याकडे ती प्रा. कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस न्यूयॉर्कला आणि फडके सर इथे, पण दोघांचा पत्रव्यवहार कित्येक वर्षं चालला होता. बाबा, तुम्हाला हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

एलिस यांचं म्हणणं असं की घटना घडते आणि आपल्याला राग येतो, इतकं ते सरळ नसतं. मधे आपण स्वतःशी काहीतरी बोलतो. ते इतकं झटकन होतं आणि इतक्या वर्षांच्या सवयीचं असतं की आपण बोललो हेच लक्षात येत नाही. राग, अपमान, धास्ती हे त्या बोलण्यातून येतं. ही काही अमेरिकेतच सुचलेली गोष्ट नव्हे. एपिक्टेटस म्हणून एक ग्रीक तत्त्वज्ञ जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तो जन्माने गुलाम, पायाने अधू. माणसं घटनांनी नव्हे तर घटनांविषयीच्या आपल्या मतांनी अस्वस्थ होतात, असं तो शिकवायचा. एलिस त्याचं ऋण उघडपणे मान्य करत.

तुम्हाला पुरावा लागतो, ठाऊक आहे मला. आयुष्यभर विज्ञान शिकवलंत. तर ऐका. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एक फिल्म दाखवली. त्यात सुतारकामाच्या कारखान्यातले अपघात होते. बोट कापलं जातं, रक्त येतं. काहींना आधी सांगितलं होतं की हा सगळा अभिनय आहे, कुणाला काही झालेलं नाही. काहींना सांगितलं होतं की कामगार कसे वागतात त्याचं तटस्थपणे निरीक्षण करा. काहींना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फिल्म तीच, रक्त तेच. पण ज्यांना आधी वेगळा अर्थ हाती दिला होता, त्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेवरच्या घामाची मोजमापं बाकीच्यांइतकी चढली नाहीत. नुसतं तोंडाने ‘मला काही वाटलं नाही’ असं म्हणणं नव्हतं ते, शरीरातच फरक पडला होता.

आता खरा मुद्दा, आणि तो मला तुमच्यापर्यंत नीट पोचवायचा आहे. निखिल काय म्हणाला हे मी तुम्हाला सांगितलं, तुमचा गैरसमज गेला, विषय संपला, असं म्हणून मी इथे थांबू शकले असते. पण पुढच्या लग्नात, पुढच्या बारशात मी शेजारी असेनच असं नाही. आणि एखादे वेळी कुणी खरंच काही वावगं बोलेल. तेव्हा काय?

एलिस याच ठिकाणी अडून बसत. ते म्हणायचे, घटकाभर धरून चला की तुम्ही समजता ते शंभर टक्के खरं आहे. समजा निखिल खरोखरच म्हणाला, ‘काकांचा त्रास नको.’ तरीही जेवण टाकून उठावं, आठवडाभर झोप लागू नये, सख्ख्या भावाशी बोलणं बंद व्हावं, इतकं कशामुळे होतं? त्या बोलण्यामुळे मन दुखावेल, चीड येईल, ते साहजिक आहे. पण त्याच्यावर आपण एक हट्ट चढवतो: मी थोरला आहे, मला मान मिळालाच पाहिजे, नाही मिळाला तर माझी किंमत शून्य. मान मिळावा ही इच्छा चांगली आहे, ती सोडायला कुणी सांगत नाही. पण तिचा हट्ट झाला की आपल्या किमतीची किल्ली आपण बावीस वर्षांच्या पोराच्या हातात देतो. बाबा, वाईच्या निम्म्या घरांतल्या पोरांना तुम्ही प्रकाशाचं परावर्तन शिकवलंत. गणपती घाटावर तुम्हाला वाकून नमस्कार करणारी पन्नाशीची माणसं मी पाहिली आहेत. एका वाक्याने हे सगळं पुसलं जातं का? यावर शांतपणे विचार करा, माझ्यासाठी नको, तुमच्यासाठी.

मला हे असंच शिकावं लागलं. माझ्या हाताखाली काम शिकलेली मुलगी ऑफिसात माझ्या वरच्या जागेवर आली, ते तुम्हाला सांगितलं होतं. तिथे ऐकण्यातली गल्लत नव्हती, पत्र हातात होतं. सुरुवातीला मनात एकच घोकणं चालायचं: इतकी वर्षं राबल्यावर माझ्या बाबतीत हे होताच कामा नये, आता सगळे मला हसणार. रात्री जाग यायची. वर्गात मॅडमनी मला ते वाक्य फळ्यावर लिहायला लावलं आणि विचारलं, होताच कामा नये असा नियम कुठे लिहिलाय? तो कुठेच लिहिलेला नव्हता. मग मी खाली दुसरं लिहिलं: मला ती जागा हवी होती, मिळाली नाही, मला वाईट वाटतंय, आणि ती मुलगी कामाला चोख आहे. वाईट वाटणं गेलं नाही. अजूनही वाटतं. पण झोप लागू लागली, आणि पुढच्या खेपेस माझं काय कमी पडतंय हे साहेबांना मी सरळ विचारू शकले. आधीच्या रागात मला हे विचारताच आलं नसतं.

एलिस यांचं लहानपण वाचलं तेव्हा फार गलबलून आलं. पाच ते सात वर्षांच्या वयात मूत्रपिंडाच्या आजाराने ते पुन्हा पुन्हा दवाखान्यात होते, एकदा तर बरेच महिने. आईवडील क्वचितच भेटायला यायचे. बाकीच्या मुलांच्या खाटांभोवती माणसं, यांच्याजवळ कुणी नाही. पुढे ते सांगत की याचं वाईट वाटून घ्यायचं, पण त्यात बुडून जायचं नाही, हे तेव्हापासूनच आपण शिकू लागलो. एकोणिसाव्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती वाटायची, म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या बागेत महिनाभर रोज जायचं ठरवलं आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायला सुरुवात केली. शंभर जणींशी बोलणं झालं. फिरायला यायला एकच तयार झाली, आणि तीही आली नाही. पण नकाराने आकाश कोसळत नाही हे त्यांना प्रत्यक्ष करून कळलं, भीती गेली. नुसता विचार करून भागत नाही, करून पाहावं लागतं, हा धडा त्यांनी आपल्या पद्धतीत ठेवला.

आई, आता तू. तुझं वाक्य मला पाठ आहे. मी फोन उचलला नाही की तुझ्या डोळ्यांसमोर लोकल येते, गर्दी येते, मग दवाखाना येतो. मी मीटिंगमध्ये असते. तासाभराने मी फोन करते तोवर तुझं डोकं दुखायला लागलेलं असतं आणि बाबांनी गोळी काढून ठेवलेली असते. फोन उचलला नाही, एवढीच घटना. बाकीचं सगळं तू मनात रचलेलं. आणि तुला ‘काळजी करू नकोस’ असं म्हटलं की तू चिडतेस. का, तेही आता माझ्या लक्षात आलंय. तुला वाटतं, काळजी केली नाही तर मी आई कसली. जणू तू जिवाला घोर लावून घेतलास म्हणूनच मी धड घरी पोचते. आई, तुझी माया तुझ्या धास्तीवर अवलंबून नाही. मी दहावीत असताना रात्री बारापर्यंत माझ्याबरोबर जागून तू शेंगा सोलत बसायचीस, ती माया. डोकं दुखेपर्यंत घाबरणं ही तिची पावती नव्हे. तू निर्धास्त झोपलीस तर मला तुझं प्रेम कमी झालं असं कधीच वाटणार नाही.

यात एक खबरदारी सांगते, कारण लोक इथे चुकतात. सगळं छान आहे असं मनाला पढवणं म्हणजे हे नव्हे. मावशी गेली तेव्हा तू महिनोन्महिने रडलीस, ते बरोबरच होतं. ज्याच्यावर जीव होता ते माणूस गेलं तर रडू येणारच, तिथे विचार दुरुस्त करायला जाणं हा अडाणीपणा झाला. अन्याय होत असेल तर बोललंच पाहिजे. फक्त बोलताना आपण तोल सांभाळून बोलतो की आतून जळत बोलतो, एवढा फरक. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशात मन लागत नाही, असं झालं तर वही-पेन्सिल बाजूला ठेवून डॉक्टरकडेच जायचं.

वही मात्र हवी. मी एक दोनशे पानी कुरिअरने पाठवलीय, बाबा. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं ते, कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच. ‘निखिलने अपमान केला’ हे पहिल्या रकान्यात बसत नाही. ‘निखिल काहीतरी म्हणाला, लोक हसले’ हे बसतं. दुसऱ्यात, त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं, कितीही कडू असो. तिसऱ्यात काय वाटलं ते. मग दुसऱ्या रकान्यातल्या वाक्याला शाळेत पोरांना विचारायचात तसे प्रश्न विचारा: याला पुरावा काय? दुसरा काही अर्थ निघतो का? खरं असलं तरी इतकं भयंकर आहे का? पहिले काही दिवस उत्तरं नुसती कागदावर राहतील, आत उतरणार नाहीत. माझंही तसंच झालं. पंचाहत्तर वर्षांचं मन एका आठवड्यात वळणार नाही, आणि वळावं अशी माझी अपेक्षाही नाही. मनावर ताबा आला नाही म्हणून स्वतःवर चिडू मात्र नका, तो तर आणखी एक हट्ट होईल.

आणि कानाची तपासणी. तुम्ही म्हणता मशीन लावलं की लोक म्हातारा म्हणतील. हे वाक्य दुसऱ्या रकान्यात लिहून बघा. चष्मा तुम्ही चाळिशीपासून लावताय.

मी ६ डिसेंबरला शनिवारी येते. सोमवारी सुट्टी घेतलीय आणि साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांची सकाळी अकराची वेळ ठरवलीय. तिथून अण्णाकाकांचं घर दहा मिनिटांवर आहे. काकूंना मी काही कळवलेलं नाही, जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आई, मी बसमध्ये बसताना आणि पाचवडला उतरताना मेसेज करीन. मधल्या वेळात मी झोपलेली असेन असं समज.

तुमची,
मधुरा

ता. क. – बाबा, तुमच्या पेन्सिलच्या खुणांसकट हे पत्र मला परत हवंय.