रात्री जेवलं नाही तरी सकाळी शुगर का वाढते, हे एकदा छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर डायबेटीसचं नेहमी काही ना काही असतं, मेथीदाणे, कारल्याचा रस, भात खावा की नाही, साखरेऐवजी गूळ चालतो का, आणि लोक ते मनापासून वाचतात, कात्रणं कपाटाला चिकटवून ठेवतात, मी स्वतः बघते कारण मी ठाण्यात वर्तकनगर, लोकमान्यनगर, उपवन या बाजूला घरोघरी जाऊन रक्ताची सँपल घेते. पण दारात उभं राहून मला जो प्रश्न सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो त्याचं उत्तर मी अजून तुमच्याकडे वाचलेलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

प्रश्न असा असतो की "अहो ताई, रात्री झोपताना घरच्या मशीनवर १३० होती, त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग सकाळी १५० कशी? तुमचं सँपल पडून राहिलं असणार." आता सँपल पडून राहिलं तर शुगर वाढत नाही, उलट कमी दिसते, कारण रक्तातल्या पेशी ट्यूबमध्येही साखर वापरतच राहतात, म्हणून तर आम्ही राखाडी झाकणाची फ्लोराइडवाली ट्यूब वापरतो. तेव्हा वाढलेली साखर आली कुठून, तर लिव्हरमधून, आणि हे कोणी सांगतच नाही.

आपल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साधारण ५ ग्रॅम साखर फिरत असते, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि एका साध्या वरणभात-पोळीच्या जेवणातून त्याच्या दसपट तरी सहज आत येते. ती सगळी रक्तात राहिली तर अनर्थ होईल, म्हणून स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, ते स्नायूंना साखर आत घ्यायला लावतं आणि उरलेली लिव्हरमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठवायला लावतं. लिव्हर हे शरीराचं कोठार, त्यात साधारण १०० ग्रॅम साठा मावतो. रात्री आपण झोपलो तरी मेंदू झोपत नाही, त्याला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते, मग त्याच स्वादुपिंडातून दुसरं हार्मोन सुटतं, ग्लुकागॉन, ते लिव्हरला सांगतं की साठा सोड, आणि लिव्हर थोडी थोडी साखर रात्रभर रक्तात सोडत राहतं, साठा कमी पडायला लागला की प्रोटीनमधून नवीनही बनवतं. पहाटे तीन-चारनंतर यात कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोनची भर पडते, शरीराची उठायची तयारी चाललेली असते, ती दोन्ही हार्मोन्स साखर वरच ढकलतात. तब्येत चांगली असलेल्या माणसात लगेच थोडं जास्त इन्सुलिन सुटतं आणि आकडा १०० च्या आत राहतो, डायबेटीसवाल्यात लिव्हर इन्सुलिनला दाद देत नाही, ग्लुकागॉनही जेवढं दबायला पाहिजे तेवढं दबत नाही, म्हणून न खाता १५०.

इन्सुलिनचं नाव आता घराघरात आहे, त्याचा शोध लावणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, त्याच तारखेला जागतिक मधुमेह दिन असतो आणि तुम्हीही त्या दिवशी छापताच. पण ग्लुकागॉनलाही १९२३ पासून नाव आहे हो, शंभर वर्षं होऊन गेली आणि मी ज्या घरांत जाते तिथे ते कोणाच्या कानावरही नाही.

आणि हे फक्त माहितीपुरतं नाहीये, यातून जिवावर बेततं. सकाळची शुगर रात्रीच्या जेवणामुळे वाढते असं एकदा डोक्यात बसलं की लोक रात्रीचं जेवण सोडतात, खास करून टेस्टच्या आदल्या दिवशी, रिपोर्ट चांगला यावा म्हणून, गोळी मात्र घेतात. लोकमान्यनगरच्या एका घरी मी सकाळी पोचले तर आजी खुर्चीत बसलेल्या, ब्लाउज घामाने चिंब, हात थंडगार आणि थरथरत होता, मला ओळखतात चांगल्या पण "तू कोण" म्हणून चिडून विचारत होत्या आणि सून म्हणत होती की झोप झाली नसेल. घरच्या मशीनवर ४८ आली. ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली, पोटात काही नाही. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही, आणि इन्सुलिन जास्त असलं की लिव्हरही साठा सोडत नाही. घाम, थरथर, धडधड हे सगळं ॲड्रेनलिनचं काम, ते शरीर धोक्याची घंटा वाजवत असतं, आणि चिडचिड नि गोंधळ म्हणजे मेंदूला साखर पुरत नाहीये. सारखी सारखी शुगर लो होत राहिली तर ही घंटाही मंद होते, बीपीच्या काही गोळ्यांनी धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो.

त्या आजींना पाण्यातून ग्लुकोज पावडर दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८० च्या वर आलेली, मग पोळी-दूध खायला लावलं आणि सुनेने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, कारण या गोळीचा असर तासन्‌तास राहतो आणि शुगर परत खाली येऊ शकते. घरातली साखर तीन चमचे दिली तरी चालते, पण पेशंट व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल तर ग्लुकोजच द्यायचं, कारण या गोळ्या आपली नेहमीची साखर आतड्यात लवकर फुटू देत नाहीत, आणि व्होग्लिबोज आपल्याकडे किती जणांच्या प्रिस्क्रिप्शनवर असतं, घरच्यांना हे माहीतच नसतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

नवरात्र जवळ आलं की मला जास्त काळजी वाटते, नऊ दिवसांचे उपास, दिवसभर काही नाही आणि मग साबुदाण्याची खिचडी नि बटाटा, म्हणजे आधी लो आणि मग एकदम वर. उपास करू नका असं मी कोणाला सांगत नाही, श्रद्धा आहे लोकांची, पण गोळीची वेळ आणि डोस डॉक्टरांना विचारून बदलून घेता येतो आणि ते उपास सुरू व्हायच्या आधी विचारायचं असतं.

म्हणून विनंती अशी की नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात आरोग्याच्या पानावर एखाद्या डायबेटीसच्या डॉक्टरांकडून अर्धा कॉलम लिहून घ्या, लिव्हर, ग्लुकागॉन, पहाटेची वाढ आणि शुगर लो झाली तर काय करायचं, एवढंच. आकडा ७० च्या खाली म्हणजे लो हे चौकटीत मोठ्या अक्षरात टाका. आणि त्यातच हेही टाका की फास्टिंग टेस्टला रात्रीचं नेहमीचं जेवण जेवून ८ ते १० तासांचं अंतर पुरतं, पाणी चालतं, आणि सकाळची शुगरची गोळी सँपल दिल्यावर नाश्त्यासोबत घ्यायची की कशी ते आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं.

आपली,
घरोघरी सँपल घेणारी एक वाचक,
वर्तकनगर, ठाणे