उंबरावरच्या माशीची ती नांगी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आमच्या वसाहतीतील उंबराच्या झाडावर कीटकनाशकाची फवारणी करण्यात आली. झाडाच्या कोवळ्या हिरव्या फळांवर मुंगीहूनही लहान, पण शरीरापेक्षा लांब शेपटी असलेल्या माश्या बसलेल्या काही रहिवाशांना दिसल्या. त्यांचे छायाचित्र ‘लांब नांगीच्या विषारी माश्या’ अशा ओळीसह मोबाइलवर फिरले आणि लहान मुलांच्या पालकांनी धास्ती घेतली. त्यांच्या काळजीला मी दोष देत नाही. पण ज्याला ते नांगी समजले, ती अंडी घालण्याची नळी आहे आणि तिच्यापासून माणसाला कसलाही धोका नाही. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवलेली एक शिक्षिका म्हणून हा गैरसमज दूर करणे मला माझे काम वाटते, म्हणून हे पत्र.

या अवयवाला शास्त्रीय मराठीत अंडनिक्षेपक म्हणतात. मादीच्या पोटाच्या आठव्या आणि नवव्या खंडांपासून निघणाऱ्या तीन जोड्या पट्ट्यांनी तो बनतो. मधमाश्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या कुळात (उंबरावरच्या या माश्याही त्यातल्याच) यांपैकी दोन जोड्या एकमेकींत खाचेने अडकून बारीक पोकळ सुई तयार होते आणि तिसरी जोडी त्या सुईची म्यान होते. सुई कामाला लागली की म्यानाच्या दोन्ही पट्ट्या बाजूला होतात, म्हणून पाहणाऱ्याला एकाऐवजी तीन शेपट्या दिसतात. सुईमध्ये स्नायू नसतात. ते पोटात, तिच्या मुळाशी असतात. तेथून सुईच्या पट्ट्या आळीपाळीने पुढे-मागे सरकवल्या जातात, म्हणजे एक पट्टी दातांनी धरून ठेवते तेव्हा दुसरी पुढे शिरते. हातोड्याचा घाव न घालता, नुसत्या सरकण्याने भोक पाडण्याची ही रीत मला आजही थक्क करते. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वळवता येईल अशी सुई बनवू पाहणाऱ्या युरोपातील अभियंत्यांनी हीच रचना नमुना म्हणून घेतली आहे.

उंबराच्या बाबतीत तर हे सारे फार जवळून पाहायला मिळते. एखादी क्वचित दिसणारी व्यक्ती आली की आपण ‘उंबराचे फूल उगवले’ असे म्हणतो. ते फूल दुर्मीळ नाही, ते केवळ बाहेर दिसत नाही. आपण ज्याला फळ म्हणतो ती एक पोकळ पिशवी असते आणि तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले दाटीने बसलेली असतात. परागकण वाहून आणणारी माशी फळाच्या तोंडाशी असलेल्या अरुंद छिद्रातून आत शिरते आणि त्या धडपडीत तिचे पंख तुटतात. आत गेल्यावर ती आपली आखूड नळी फुलाच्या कुक्षिवृंतातून, म्हणजे अंडाशयावरच्या बारीक दांड्यातून, खाली सोडते. हा दांडा आखूड असेल तर नळी अंडाशयापर्यंत पोहोचते आणि तेथे अंडे घातले जाते. दांडा लांब असेल तर नळी पुरत नाही आणि त्या फुलात बी धरते. झाडाला बी मिळावे आणि माशीची पिढीही वाढावी, हा हिशेब त्या नळीच्या लांबीवर उभा आहे.

आमच्या रहिवाशांना दिसल्या त्या माश्या मात्र वेगळ्या. त्या आत शिरत नाहीत; फळावर बाहेर बसून, पोट उंच उचलून, संपूर्ण भिंत भेदून अंडी घालतात, म्हणून त्यांची नळी एवढी लांब असते. यांतल्या काही फुलांच्या अंडाशयांत अंडी घालतात, तर काही आधीच आत वाढत असलेल्या दुसऱ्या माश्यांच्या अळ्यांवर. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी उंबरावरच्याच या माश्यांचा अभ्यास करून 2011 साली असे दाखवले की प्रत्येक जातीच्या नळीचे टोक तिच्या कामानुसार वेगळे असते. पुढे 2014 साली त्याच संस्थेतून असेही प्रसिद्ध झाले की परजीवी माशीच्या नळीच्या टोकावरील दातांमध्ये जस्त असते आणि त्यामुळे टोक कठीण राहते. माणसाच्या केसाहून बारीक अशा सुईला निसर्गाने धातूचे पाणी दिले आहे, हे एका भारतीय प्रयोगशाळेने आपल्याच उंबरावर पाहिले, याचा मला अभिमान वाटतो.

नांगीची भीती मुळातच निराधार आहे असे मात्र नाही. मधमाशी, गांधीलमाशी आणि डसणाऱ्या मुंग्या यांची नांगी म्हणजे याच अंडनिक्षेपकाचे बदललेले रूप होय. तिच्यातून आता विष सोडले जाते आणि अंडे तिच्या मुळाशी असलेल्या वाटेने बाहेर येते. नांगी मुळात मादीचा अवयव असल्यामुळे नर कधीच डसत नाहीत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की त्यांचे डोळे विस्फारलेले मी दरवर्षी पाहत असे. उंबरावरच्या माश्या या मार्गाला गेलेल्या नाहीत. त्यांची नळी अजूनही अंड्यांसाठीच आहे, आणि ती त्या माणसावर चालवत नाहीत.

इतर कीटकांमध्ये या अवयवाने घेतलेली रूपे आपल्या अंगणातही पाहता येतात. नाकतोड्याच्या मादीच्या पोटाच्या टोकाला चार आखूड, मजबूत पट्ट्या असतात. त्या उघडमीट करीत ती जमीन उकरते आणि पोट ताणून ओल्या मातीत खोलवर अंडी ठेवते. रातकिड्याच्या मादीला सरळ भाल्यासारखी नळी असते. अनेक चतुरांमध्ये ही नळी उरलेलीच नाही, त्यामुळे त्यांच्या माद्या पाण्यावर शेपूट आपटून अंडी सोडतात. उभ्या मोटारीच्या चकचकीत टपावर त्या शेपूट आपटताना दिसतात ते त्या पृष्ठभागाला पाणी समजून.

हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते नाही. आंब्यावरची फळमाशी पोटाचे शेवटचे खंड दुर्बिणीच्या नळीप्रमाणे बाहेर काढून तयार होत आलेल्या फळाची साल टोचते आणि सालीखाली अंडी घालते. ती जागा सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही. फळ पेटीत जाते आणि अळी नंतर सापडते. युरोपीय संघाने 2014 च्या मे महिन्यापासून भारतीय आंब्याची आयात थांबवली, त्यामागचे एक मुख्य कारण ही फळमाशी होते, आणि हापूसच्या बागायतदारांना त्याची झळ चांगलीच लागली. झाडावरच फळाला कागदी पिशवी घालण्याचा उपाय चालतो, कारण माशीची नळी सालीपर्यंत पोहोचू शकत नाही. गंधाचे सापळे नरांना ओढून घेतात, म्हणजे अंडी फळणेच कमी होते. मादी टोचते कशी हे ठाऊक असलेल्या बागायतदाराला दोन्ही उपाय एकाच वेळी का करायचे, हे वेगळे समजवावे लागत नाही. तसेच उसाच्या खोडकिड्यासाठी शेतात लावली जाणारी ट्रायकोकार्डे, म्हणजे ज्यांच्यात उपयोगी माशी वाढत असते अशी अंडी चिकटवलेली कार्डे, घ्या. त्यांतून निघणारी माशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि ती किडीच्या अंड्यातच नळी खुपसून आपले अंडे घालते. कार्डे लावून दोन दिवसांनी कोणी रासायनिक फवारणी केली, तर कार्डांवरचा खर्च मातीत जातो.

आमच्या उंबरावर फवारणी झाली तेव्हा लांब शेपटीच्या माश्यांबरोबर परागकण आणणाऱ्या माश्याही मेल्या असणार. त्या एक-दोन दिवसच जगतात, आणि त्या वेळेवर पोहोचल्या नाहीत तर कोवळी फळे सहसा न वाढता गळतात. हीच फळे खायला या झाडावर धनेश येत असे, रात्री वटवाघळे येत आणि पहाटे बुलबुलांची गर्दी असे.

माझी विनंती दोनच गोष्टींपुरती आहे. आपल्या दैनिकात कीटकांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, तेव्हा लांब शेपटीच्या कीटकाला ‘विषारी’ म्हणण्यापूर्वी एखाद्या कीटकतज्ज्ञाला विचारावे. आणि ज्या वसाहतींमध्ये उंबर आहे तेथील मंडळींना पिकून पडलेल्या फळांतील किड्यांचा त्रास होत असेल, तर झाडाखालची फळे रोज सकाळी झाडून घ्यावीत. त्यासाठी झाडावर औषध मारण्याची गरज नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा